वाचकांचे प्रश्न : शी अडवून धरणारी मुले

प्रश्न : माझी मुलगी दोन वर्षे आठ महिन्यांची आहे. तीन महिन्यांपूर्वी आम्ही तिचा दिवसाचा डायपर सोडवला. शू सांगण्याची सवय तिला पंधरा दिवसांतच लागली. शीच्या बाबतीत मात्र सगळेच बिनसले. सुरुवातीच्या दिवसांत एकदा तिला फार कडक आणि जाड शी झाली, त्या वेळी ती खूप रडली आणि पुसताना रक्ताचा बारीक ठिपकाही दिसला. तेव्हापासून ती पॉटीवर शी करायला तयार नाही. चार-चार, पाच-पाच दिवस तिला शी होत नाही. लागली की ती सोफ्यामागे जाऊन उभी राहते, चवड्यांवर उंच होते, पायात पाय अडकवते, चेहरा लालबुंद होतो, अंग थरथरते. आम्ही “जोर कर, जोर कर” म्हणत राहतो, पण काहीच होत नाही. रात्री डायपर असतो, त्यात कधीतरी झोपेत होऊन जाते. समजावून पाहिले, खेळणी देऊ केली, रागावून पाहिले, एकदा तर अर्धा तास पॉटीवर बसवून ठेवले. सासूबाईंच्या मते मी लाड केल्यामुळे ती हट्टी झाली आहे. हा खरोखर हट्ट आहे का, आणि आता आम्ही काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रातील बाकीचे तपशील क्षणभर बाजूला ठेवून मी प्रथम सोफ्यामागच्या त्या दृश्याकडे वळते. चवड्यांवर उंच झालेली, लालबुंद होऊन थरथरणारी मुलगी कुंथत आहे असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात शी बाहेर येऊ नये म्हणून ती सगळी ताकद पणाला लावत असते. कुंथणारे मूल सहसा गुडघे वाकवते, खाली बसते, पुढे झुकते. शी अडवणारे मूल ताठ होते, नितंब आवळते, पायावर पाय चढवते, कोपरा गाठते किंवा खुर्चीला घट्ट धरून उभे राहते. तुम्ही “जोर कर” म्हणता तेव्हा ती जोर करतच असते, पण उलट्या दिशेने. एकदा चटका बसलेला हात माणूस विस्तवाजवळ नेत नाही आणि त्याला कोणी हट्ट म्हणत नाही. तुमच्या मुलीने त्या एका दुखऱ्या दिवसावरून ‘शी म्हणजे दुखणे’ असा निष्कर्ष काढला आहे, आणि तिच्या अनुभवापुरता तो बरोबरच आहे.

शरीरात काय घडते ते थोडे समजून घेतले, तर पुढचे उपाय पटायला सोपे जातील. गुदद्वाराभोवती दोन वर्तुळाकार स्नायू असतात. आतला आपल्या ताब्यात नसतो. मलाशयात मळ उतरून त्याची भिंत ताणली गेली की तो आपोआप सैल होतो, आणि शी लागल्याची जाणीव आपल्याला होते ती याच सुमारास. बाहेरचा स्नायू, तसेच मलाशयाला मागून झोळीसारखा वेढा घालून पुढे ओढून धरणारा ओटीपोटाच्या तळाचा स्नायू, हे मात्र इच्छेने आवळता येतात. दीड-दोन वर्षांच्या आसपास मुलाला हे आवळणे जमू लागते. शी योग्य जागी करण्यासाठी लागणारे हेच कौशल्य शी मुळीच न करण्यासाठीही वापरता येते, हे त्याला आपल्या आधी कळते! स्नायू पुरेसा वेळ आवळून धरला की मलाशयाची भिंत आतल्या मळाला जुळवून घेते, कळ ओसरते आणि मूल पुन्हा खेळायला पळते. मोठ्या आतड्याचे काम मात्र थांबलेले नसते. ते मळातील पाणी शोषत राहते आणि वरून नवा मळ येतच असतो. म्हणून दुसऱ्या दिवशी कोरडी असलेली शी पाचव्या दिवशी जाड आणि खड्यासारखी होते, बाहेर येताना गुदद्वाराच्या कडेला चीर पाडते, दुखते, आणि मुलीचा निष्कर्ष आणखी पक्का होतो. तुम्हाला दिसलेला रक्ताचा ठिपका बहुधा अशाच चिरेचा असावा. हे चक्र महिनोन्‌महिने चालू राहिले तर मलाशय सैल आणि रुंद होते, आणि ते भरल्याची जाणीवच बोथट होऊ लागते.

झोपेत शी का होते याचेही उत्तर यातच आहे: झोप लागली की ते जाणूनबुजून आवळणे सुटते.

यावरून उपचाराचा क्रम ठरतो. आधी शी मऊ करायची, मग भीती जाऊ द्यायची आणि पॉटीचा विचार सर्वांत शेवटी करायचा. बहुतेक घरांत नेमके उलटे होते. सगळी शक्ती पॉटीवर बसवण्यात खर्च होते आणि ज्या दुखण्यामुळे मूल तिथे बसत नाही ते तसेच राहते. तेव्हा पहिले काम म्हणजे शीपुरते प्रशिक्षण थांबवा. शू ती पॉटीत करत असेल तर ती करू द्या, परंतु शी लागल्याची चिन्हे दिसली की न बोलता डायपर बांधा आणि तिला हवे तिथे उभे राहू द्या. अनेक आई-वडिलांना हा पराभव वाटतो, इतक्या कष्टाने सोडवलेला डायपर परत आणायचा म्हणजे तीन महिने पाण्यात गेले असे त्यांना वाटते. तसे काही होत नाही. मुलीला एवढेच सांगा, “शी कुठेही कर, डायपरमध्ये केलीस तरी चालेल, पोटात मात्र ठेवू नकोस.” हे वाक्य म्हणताना तुमच्या आवाजात ताण नसेल, तर त्याचा उपयोग तुम्हाला वाटतो त्याहून अधिक होईल.

तुम्ही एकट्या नाहीत, हेही सांगायला हवे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ ब्रूस टॉबमन यांनी ४८२ मुलांचा पॉटीच्या सवयीसंबंधी पाठपुरावा करून १९९७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शू व्यवस्थित पॉटीत करूनही शी तिथे करण्यास किमान महिनाभर नकार देणारी मुले त्यांत २२ टक्के होती, म्हणजे पाच मुलांमागे एकाहून थोडी जास्त. त्या सगळ्या घरांत अतिलाड चालले होते असे मानायला मी तयार नाही. याच संशोधकांनी पुढे २००३ साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात पालकांना सांगण्यात आले होते की शीबद्दल ‘छी’, ‘घाण’, ‘वास येतो’ अशा अर्थाचे शब्द वापरू नका आणि मुलाने डायपरमध्ये शी केली तरी त्याचे कौतुक करा. नकार देणाऱ्या मुलांचे प्रमाण त्यामुळे कमी झाले नाही, पण नकाराचा काळ आखूड झाला. डायपर बदलताना आपण नाक मुरडतो, तोंड वाकडे करतो आणि मग त्याच वस्तूसाठी पॉटीपाशी टाळ्या वाजवतो. मुलाच्या बाजूने पाहिले तर हा सगळा प्रकार गोंधळात टाकणाराच आहे.

आता औषधाकडे येते. चार-पाच दिवसांनी होणारी, दुखणारी शी आणि जाणूनबुजून अडवणे हे महिन्याहून अधिक काळ चालले असेल, तर आहारात फेरफार करून वाट पाहण्यात अर्थ नाही. मुलीला बालरोगतज्ज्ञांकडे न्या. ते तिचे पोट हाताने दाबून पाहतील, वजन-उंची मोजतील, गुदद्वाराची जागा आणि पाठीचा खालचा भाग नजरेखालून घालतील. एवढ्यावर बहुतेक वेळा निदान होते. पोटाचा एक्स-रे सरसकट काढण्याची गरज नसते. युरोप आणि उत्तर अमेरिकेतील बालपचनसंस्था-तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ साली संयुक्तपणे जी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांत अशा मुलांसाठी पहिली पसंती पॉलिएथिलीन ग्लायकॉल या औषधाला दिलेली आहे. ही पाण्यात विरघळणारी भुकटी असते. ती आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषली जात नाही. आपल्याबरोबर पाणी धरून ठेवते आणि त्यामुळे मळ मऊ राहतो. ती मिळत नसेल तेव्हा लॅक्ट्युलोज हे पातळ औषध देतात. त्याने थोडे गॅस होतात, पण तेही लहान मुलांसाठी नेहमीचेच आहे.

या उपचाराचे दोन टप्पे असतात आणि गडबड बहुधा इथेच होते. आत जुना मळ साठून राहिला असेल तर तो आधी उतरवावा लागतो. त्यासाठी सूत्रांनुसार दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.५ ग्रॅम एवढी मात्रा ३ ते ६ दिवस देतात, म्हणजे बारा किलोच्या मुलीला दिवसाला १२ ते १८ ग्रॅम. हे दिवस धावपळीचे असतात, शी पातळ आणि भरपूर होते. घरात निवांतपणा असेल असेच दिवस निवडा. त्यानंतर रोजची राखीव मात्रा सुरू होते, ती किलोमागे साधारण ०.४ ग्रॅमपासून, आणि गरजेप्रमाणे ०.२ ते ०.८ ग्रॅमच्या दरम्यान कमीजास्त केली जाते. नेमकी मात्रा तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायची आहे. आकडे दिले ते एवढ्यासाठी, की पहिल्या आठवड्यातील मोठी मात्रा पाहून घाबरून तुम्ही आपणहून ती निम्मी करू नये. पहिला टप्पा वगळून थेट राखीव मात्रा सुरू केली, तर आतला जुना गोळा जागच्या जागी राहतो, नवी पातळ शी त्याच्या बाजूने झिरपते आणि ‘औषधाने उलट जुलाब झाले’ अशा समजुतीने औषध बंद होते.

शी किती मऊ हवी? ब्रिस्टॉल येथे तयार झालेल्या आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका तक्त्यात मळाचे सात प्रकार चित्रांसह दिलेले आहेत: पहिला सुट्या खड्यांचा, सातवा पूर्ण पाण्यासारखा. निरोगी माणसाची शी तिसऱ्या-चौथ्या प्रकारात बसते. अडवून धरणाऱ्या मुलाच्या बाबतीत मी मुद्दाम चौथ्या-पाचव्याकडे झुकते, म्हणजे लगद्यासारखी मऊ, रोज किंवा दिवसाआड होणारी शी, कारण तशी शी अडवून धरणे अवघड असते आणि बाहेर येताना ती दुखवू शकत नाही. मुलीला तुम्ही शंभर वेळा “दुखणार नाही” असे सांगितलेत तरी ती विश्वास ठेवणार नाही; न दुखता झालेल्या वीस-पंचवीस शी मात्र तिला ते पटवून देतील.

गुदद्वारात बोट, साबण किंवा कांडी घालून शी काढण्याचा मोह कृपा करून टाळा. एनिमाचेही तसेच, डॉक्टरांनी विशेष कारणाने सांगितल्याखेरीज घरी देऊ नका. त्याने त्या दिवसापुरती सुटका होते, पण ज्या जागेची मुलीला भीती आहे त्याच जागेवर आपण जबरदस्ती करतो, आणि पुढच्या वेळी ती दुप्पट आवळून धरते. पॅराफिनचे तेलकट औषध रडणाऱ्या मुलाला नाक दाबून पाजणे तर धोक्याचे आहे, कारण ते श्वासनलिकेत उतरले तर फुप्फुसाला इजा करते.

आहाराविषयी थोडक्यात सांगते, कारण त्यावर बोलणारे तुम्हाला घरोघरी भेटतील. फळे, भाज्या, डाळी आणि सालीसकट धान्ये वयाला साजेशी पोटात गेली पाहिजेत. नासपती आणि आलुबुखार यांत सॉर्बिटॉल नावाची साखर असते, ती शी मऊ करण्यास हातभार लावते. पाणी नेहमीएवढे पुरे, बळेबळे पेल्यांवर पेले पाजून जास्तीचा फायदा होत नाही. दूध मात्र मोजा. या वयात दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास दूध पुष्कळ झाले. मूल दुधावरच पोट भरत असेल तर चावून खाण्याचे अन्न मागे पडते. पण शी अडवून धरण्याची सवय एकदा जडली की केवळ आहाराने ती सुटल्याचे क्वचितच दिसते, आणि आत गोळा साठलेला असताना कोंड्यासारखे चोथायुक्त पदार्थ वाढवले तर गोळा मोठा होण्यापलीकडे काही साधत नाही.

शी सलग काही आठवडे मऊ आणि विनासायास होऊ लागली, मुलगी सोफ्यामागे जाऊन आवळून धरेनाशी झाली, की मगच पॉटीची आठवण काढा. जेवणानंतर आतडे आपोआप हालचाल करू लागते, म्हणून जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत तिला पाच मिनिटे बसवायचे. पाचच मिनिटे, अर्ध्या तासाचा तो प्रयोग पुन्हा करू नका. पाय अधांतरी लोंबकळत असतील तर ओटीपोटाचे स्नायू सैल पडत नाहीत, म्हणून पायांखाली पाट किंवा चौरंग असा ठेवा की गुडघे कमरेपेक्षा थोडे वर येतील. मोठ्या कमोडवर बसवत असाल तर लहान मुलांची बैठक लावा, नाहीतर आत पडण्याची भीती आणखी निराळी. बसल्यावर साबणाचे फुगे उडवायला द्या किंवा पिपाणी वाजवू द्या, हसवा; फुंकताना आणि हसताना पोटावर जो दाब येतो तो “जोर कर” म्हटल्याने येत नाही. शाबासकी द्यायची ती बसल्याबद्दल. बसणे मुलीच्या हातात आहे, शी होणे नाही. जे तिच्या हातात नाही त्यावर खेळणे लावले की ते न मिळणे हीच शिक्षा होऊन बसते.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि जमल्यास हे उत्तर त्यांनाही वाचायला द्या. घरात एकाने डायपर बांधायचा आणि दुसऱ्याने “एवढी मोठी झालीस तरी?” म्हणायचे, असे चालले तर औषधाचाही निम्मा उपयोग वाया जातो.

प्रश्न : आमचा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. वर्षभरापूर्वीच तो पॉटी वापरू लागला होता. गेल्या दोन महिन्यांपासून मात्र दिवसातून पाच-सहा वेळा त्याची चड्डी खराब होते. कधी नुसता डाग असतो, कधी पातळ शी. त्याला विचारले तर “मला कळलेच नाही” म्हणतो. वास इतका येतो की त्याला कळत नाही यावर आमचा विश्वास बसत नाही. जुलाब समजून आम्ही त्याला हलका आहार दिला, मध्ये जुलाब थांबवण्याचे औषधही झाले. त्यानंतर आठ दिवसांनी एकदा इतकी जाड शी झाली की ती पाण्याने वाहून जाईना. हल्ली तो कधीकधी चड्डीत शूही करतो. हा आळस समजावा की आजार?

उत्तर : तुमच्या पत्रातले शेवटून तिसरे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. जुलाब झालेल्या मुलाला वाहून न जाणारी शी होत नाही. तुमच्या मुलाच्या मलाशयात मळाचा मोठा गोळा अडकलेला असावा आणि वरची पातळ शी त्याच्या कडेने झिरपून चड्डीत येत असावी. मलाशय सतत ताणलेले राहिल्यामुळे त्याची जाणीव मंदावलेली असते, शिवाय वासाची नाकाला सवय होते; तेव्हा “मला कळलेच नाही” हे त्याचे म्हणणे खरे माना. त्यासाठी त्याला रागावले असाल तर त्याची माफी मागायला हरकत नाही. या वयाची मुले ती फार मोकळेपणाने देतात.

जुलाब थांबवणाऱ्या औषधाने गोळा अधिक पक्का झाला असणार. त्याला उलट उपचार हवा, म्हणजे आधीच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे साठा उतरवणे आणि नंतर दीर्घकाळ मऊ ठेवणे, आणि तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावा. शूचा प्रश्नही याच्याशी जोडलेला असू शकतो, कारण फुगलेले मलाशय पुढच्या मूत्राशयावर दाब देते. मुलाला वारंवार लागते, घाई होते, कधी मूत्रमार्गाचा संसर्गही होतो. म्हणून लघवीची तपासणी करून घ्या.

या निमित्ताने सर्वच वाचकांसाठी सांगते, की मलावरोध असलेल्या बहुतेक मुलांमध्ये दुसरा कोणताही आजार सापडत नाही. पण काही गोष्टी दिसल्या तर थांबू नये. जन्मानंतर पहिली काळसर शी ४८ तासांपेक्षा उशिरा झाली असेल किंवा मलावरोध पहिल्या महिन्यापासूनच असेल, तर हर्शस्प्रुंग या आजाराची शक्यता तपासावी लागते. डेन्मार्कचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हर्शस्प्रुंग यांनी १८८६ साली त्याचे वर्णन मांडले. यात आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशीच नसतात, त्यामुळे तो भाग सैल पडत नाही. साधारण ५,००० जन्मांमागे एका बाळात तो आढळतो, म्हणजे दुर्मीळ आहे. पोट फुगून हिरवट उलट्या होणे, वजन न वाढणे, ताप, चीर नसताना रक्त जाणे, शी सतत फितीसारखी बारीक होणे, पायांत अशक्तपणा वाटणे, कमरेखाली पाठीच्या मध्यावर खळगा किंवा केसांचा पुंजका असणे, ही सारी तातडीने डॉक्टरांना दाखवण्याची कारणे आहेत. थायरॉइडची कमतरता आणि गव्हातील ग्लुटेन न सोसणे ही कारणेही क्वचित सापडतात. तपासणीत तशी शंका आली तर डॉक्टर रक्ताच्या चाचण्या सुचवतील.

प्रश्न : माझ्या नातवाला डॉक्टरांनी शी मऊ करण्याची भुकटी दिली. तीन आठवड्यांत सगळे सुरळीत झाले, म्हणून सवय लागू नये या विचाराने आम्ही ती बंद केली. दहा दिवसांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता डॉक्टर म्हणतात पुन्हा सुरू करा आणि काही महिने चालू ठेवा. दोन वर्षांच्या मुलाला महिनोन्‌महिने रेचक देणे मनाला पटत नाही.

उत्तर : तुमची काळजी मी समजू शकते, ‘रेचक’ या शब्दानेच आपल्याला आतडी पिळवटून काढणारे काहीतरी डोळ्यांपुढे येते. ही भुकटी तशी काम करत नाही. ती आतड्याला ढोसत नाही, मळात पाणी टिकवून ठेवते, आणि तिची सवय लागून आतडे सुस्त पडते असे दिसून आलेले नाही. सुस्त पडते ते सतत ताणलेले मलाशय, आणि ते पुन्हा आपल्या मूळ आकाराला व संवेदनेला यायला आठवडे नव्हे, महिने लागतात. तीन आठवड्यांत शी सुरळीत झाली ती औषध चालू होते म्हणून. नातवाच्या मनातील धास्ती अजून तशीच होती, एक कडक शी आली आणि तो पुन्हा आवळू लागला.

मघाशी उल्लेखिलेल्या सूत्रांनुसार राखीव मात्रा निदान दोन महिने द्यायची असते, सर्व तक्रारी थांबून किमान एक महिना उलटल्याशिवाय ती कमी करायची नसते, आणि बंद करायची तीही हळूहळू. मूल पॉटीच्या सवयीच्या वयात असेल तर ती सवय पूर्ण होईपर्यंत औषध बंद करू नये, असेही त्यांत स्पष्ट म्हटले आहे. तुमचा नातू दोन वर्षांचा आहे. त्याची पॉटी अजून पुढे आहे, तेव्हा डॉक्टरांचा सल्ला मला योग्य वाटतो. विशेषज्ञांकडे पाठवल्या गेलेल्या, म्हणजे अधिक अवघड अशा मुलांपैकीसुद्धा साधारण निम्मी मुले ६ ते १२ महिन्यांत औषध सोडून बरी राहतात, आणि उपचार लवकर सुरू झाले तर चित्र याहून चांगले असते. मध्ये आजारपण, प्रवास, नवे भावंड किंवा नवे पाळणाघर यामुळे त्रास उलटला तर तीच मात्रा काही दिवस वाढवायची. त्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

प्रश्न : आमची तीन वर्षांची मुलगी रोज शी करते, ती मऊ असते, दुखत नाही. पण शी लागली की डायपर मागून घेते, पडद्यामागे जाते आणि उभ्यानेच करते. पॉटीचे नाव काढले की “नको” म्हणते. बालवाडीत प्रवेश घ्यायचा आहे. काय करावे?

उत्तर : डायपर मागून घेणाऱ्या मुलीला शी लागल्याचे कळते, ती काही वेळ थांबवता येते आणि सांगताही येते, म्हणजे शिकायचे जवळजवळ सगळे ती शिकलेली आहे, बदलायची आहे ती जागा. तुमच्या पत्रात मलावरोध कुठे दिसत नाही, तेव्हा औषधाची गरज नाही. गरज आहे ती डायपर न नाकारण्याची. बालवाडीच्या तारखेसाठी डायपर एकदम लपवून ठेवला तर ती शी अडवू लागेल, आणि आजच्या पहिल्या पत्रातील मुलीच्या जागी तुमची मुलगी येईल.

जागा पायरीपायरीने बदला. आधी डायपर नेहमीप्रमाणे द्या, पण तो बांधायचा न्हाणीघरात आणि शी होईपर्यंत तिथेच थांबायचे, उभी राहिली तरी चालेल. ते अंगवळणी पडले की डायपर बांधूनच झाकण लावलेल्या पॉटीवर बसायला सांगा, मग झाकण उघडून. पुढे डायपर थोडा सैल बांधा. काही मुलांना डायपरला खालून भोक पाडून बसवले की शी पॉटीत पडते आणि डायपरही अंगावर असतो. मोठ्यांना हे हास्यास्पद वाटते, मुलांना मुळीच वाटत नाही. प्रत्येक पायरीवर आठवडाभर, हवे तर दोन आठवडे राहा, आणि ती आवळू लागली असे दिसले की एक पायरी मागे या. बालवाडीच्या शिक्षिकांना आधीच विश्वासात घ्या. सकाळची न्याहारी थोडी लवकर उरकली, तर पुष्कळ मुलांची शी घरून निघण्यापूर्वीच होऊन जाते आणि तिथे डायपर मागण्याची वेळच येत नाही.